तात्यांचा बदाम

आमचे शेजारी तात्या चहा पिण्याआधी स्टीलच्या कपाच्या काठाशी मोबाइलचा टॉर्च धरतात. कोणाच्याही घरी, भर दुपारी, खिडक्या लावून घ्यायला सांगून. "आरं बघ, उजेडाचा बदाम उमटला. खाच दिसती का न्हाय?" आपण व्हय म्हणेपर्यंत चहा गार झालेला असतो.

या आकाराला गणितात कार्डिऑइड म्हणतात, आणि तात्यांनी जन्मभर गणितच शिकवलं. निवृत्तीनंतर विद्यार्थी उरले नाहीत, म्हणून त्यांनी आमच्या अख्ख्या कोऱ्हाळे गावाला धरलं. माझ्या बहिणीच्या साखरपुड्यात त्यांनी मावशीच्या हातातल्या एका मापाच्या दोन बांगड्या उतरवून घेतल्या. एकीला कुंकवाचा ठिपका लावून ती दुसरीच्या कडेकडेनं फिरवली आणि ठिपक्याची वाट पाटावर पेन्सिलीनं काढून दाखवली. "झाला का न्हाय बदाम?" नवरदेव बिचारा अंगठी घेऊन ताटकळला होता.

त्यांच्या पत्नी सुमनकाकू यावर नुसत्या हसायच्या. गावच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी पहिलं भजन काकूंचं, ही जुनी रीत. पण मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात सावरला, आवाजही परत आला, शब्द मात्र मधेच हरवायला लागले. "मी न्हाय गाणार," यंदा त्या म्हणाल्या. "चार लोकांत अडकले तर तोंड दाखवता यायचं न्हाय."

"तू बस तर खरी," तात्या म्हणाले. "बाकीचं माझ्याकडं."

काल्याच्या दिवशी बारामतीहून आलेल्या माइकवाल्याशी तात्यांनी अर्धा तास हुज्जत घातली. "ह्यो माइक बदामाच्या आकारात ऐकतो. म्होरं सगळं, बाजूला थोडं, पाठीमागं कायबी न्हाय. खाच असती तितं."

"तात्या, तुमीच लावा मग," असं म्हणून माइकवाला चहाला गेला.

तात्यांनी काकूंपुढं माइक लावला आणि स्वतः नेमके त्याच्या पाठीमागं, काकूंकडं तोंड करून बसले. मागच्या बायकांना काकू दिसेनात, त्या कुरकुरायला लागल्या. मला तात्यांचा रागच आला. भजन सुरू झालं तसा मी वाकत वाकत त्यांना उठवायला गेलो.

जवळ गेल्यावर ऐकू आलं. काकूंची एक ओळ संपत आली की तात्या हळूच पुढची ओळ सांगत होते. शब्द न् शब्द. हा माणूस भजनाला कधी बसलेला मला आठवत नाही. त्यानं हे पाठ कधी केलं कोण जाणे. कर्ण्यातून मात्र गावभर एकट्या काकूंचा आवाज जात होता.

मी त्यांच्या शेजारीच खाली बसलो.

भजन संपल्यावर बायकांनी काकूंना गराडा घातला. त्यांतली एक तात्यांना म्हणाली, "काकू एक शब्द चुकल्या न्हाईत बघा."

"तिचं पाठांतर पयल्यापासनंच चांगलं हाय," तात्या म्हणाले.