बाई हसल्या

सोमवारी दुपारी तीन वाजता चंद्रप्रभा मोठ्यांदा हसली.

घडलं एवढंच. पण ती कचेरीत हसली, आणि चिकाच्या पडद्याआड बसून हसली, म्हणून पुढचं सगळं झालं.

साल एकोणीसशे साठ. राज्य नवं होतं, उस्मानाबादेतली ही विकासाची कचेरी नवी होती आणि तिच्यात येऊन पडलेलं मराठी टायपिंगचं मशीन तर त्याहून नवं. ते चालवणारं गावात कुणी मिळेना. तुळजापूरच्या एका मास्तरांच्या मुलीनं सोलापुरात मावशीकडे राहून टायपिंगची परीक्षा दिली होती, तिला घेतलं. कचेरीत बाई येणार म्हटल्यावर हेडक्लार्क पंचाक्षरींनी आधी कोपऱ्यात बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा बांधून घेतला. त्यांची निम्मी नोकरी निजामाच्या राज्यात गेलेली. बाईमाणसाला चारचौघांच्या नजरेसमोर बसवणं ही त्यांच्या लेखी बेअदबी होती, आणि बेअदबी त्यांनी उभ्या नोकरीत केली नव्हती.

पडद्याआड सगळी सोय होती. माठ वेगळा, पेला वेगळा, खुर्चीवर गादी. नव्हतं ते फक्त बोलणारं माणूस. शिपाई महालिंगप्पा पडद्याखालून कागद सरकवी आणि म्हणे, "बाईसाहेब, कागद." टाइप केलेला कागद तसाच खालून परत जाई. दिवसभराचं संभाषण ते तेवढं.

संध्याकाळी घरमालकीण म्हाळसाबाई विचारत, "काय गं, कचेरीत बाप्ये काय बोलत्यात का तुला?"

"कुणी एक शब्द बोलत नाही, मावशी."

"मग लई चांगली मान्सं हायती!" म्हाळसाबाई म्हणत आणि भाकरी थापायला घेत.

चांगली होतीच. तेच तर दुःख होतं. कारण पडद्यापलीकडे रोज तीन वाजता चहा येई आणि कारकून बंडप्पा गोष्ट सांगायला बसे. बंडप्पाचा सासरा, त्या सासऱ्याची म्हैस, त्या म्हशीपायी मोडलेलं एक लग्न. चंद्रप्रभेला सगळं स्पष्ट ऐकू येई. मात्र गोष्ट शेवटावर आली, की बंडप्पाचा आवाज एकदम खाली जाई. बाईमाणसाच्या कानावर भलतंसलतं पडू नये म्हणून शेवट कुजबुजत सांगायचा, असा पंचाक्षरींचा दंडक होता. शेवट भलतासलता असो वा नसो. मग थोडा वेळ शांतता, मग दाबलेलं हसू. चंद्रप्रभेपाशी शेवट नसलेल्या गोष्टींचा ढीग साठला होता. रात्री अंथरुणावर पडून ती एकेका गोष्टीला आपल्या मनानं शेवट लावी. पण आपणच लावलेल्या शेवटाला हसणार किती?

त्या सोमवारी बंडप्पा सांगत होता, "आन् सासरा अंधारात म्हशीचं दावं सोडाया गेला. हात लावतो तर काय..." इथं आवाज खाली गेला. त्याच क्षणी चंद्रप्रभेला स्वतःचा एक शेवट सुचला, आणि तो इतका झकास होता, की ती खळखळून हसली. पलीकडे अजून कुणीच हसलं नव्हतं.

हॉलमध्ये चहाचे कप हातातच राहिले.

"बाई हसल्या," महालिंगप्पा म्हणाला.

"ऐकलं मी," पंचाक्षरी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "रागानं हसल्या."

"रागानं कुनी हसतंय व्हय?" बंडप्पानं विचारलं.

"मोठी माणसं हसतात. आमचे जुने तालुकदारसाहेब रागावले की ओरडत नसत, हसत. ते हसले की दुसऱ्या दिवशी कुणाची तरी बदली व्हायची. चल. मुआफी माग."

दोघं पडद्याशी येऊन उभे राहिले. "बाईसाहेब," पंचाक्षरी म्हणाले, "आमच्याकडून तकलीफ झाली. मुआफी असावी."

चंद्रप्रभेला आनंद झाला. कुणीतरी आपण होऊन बोलायला आलं होतं. ती घाईनं म्हणाली, "अहो, मुआफी कसली? मला गोष्ट फार आवडली. पुढं काय झालं त्या म्हशीचं?"

पंचाक्षरींनी बंडप्पाकडे पाहिलं. चौकशी सुरू झाली होती.

"म्हैस?" बंडप्पाला घाम फुटला. "म्हैस न्हवतीच, बाईसाहेब."

"म्हणजे? तुमच्या सासऱ्यांची ना?"

"सासरा बी न्हाय, बाईसाहेब. म्या आपलं हितं बसून काम करत हुतो."

मंगळवारी चिकाला आतून जाड खादीचं अस्तर लागलं. आता बंडप्पाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येऊ लागला. चंद्रप्रभेला गोष्टीचा शेवट तर नाहीच, मधलंही ऐकू येईना. दोन दिवस तिनं कळ काढली. मग ती उठली आणि थेट साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

साहेब पुण्याचे, तरुण, सुधारक विचारांचे. चंद्रप्रभा म्हणाली, "सर, तो पडदा काढायला सांगा. मला सगळ्यांच्यात बसायचंय. ते बाहेर बोलतात, हसतात, आणि मी..."

साहेबांनी हात वर केला. "बस. समजलं मला. पुढचं सांगायची गरज नाही."

"पण मी सांगितलंच नाही अजून."

"तुम्हाला सांगताना किती अवघड जात असेल, ते मी जाणतो."

साहेबांनी पडदा खरोखरच काढायला लावला. पण पडद्याबरोबर चंद्रप्रभेलाही हॉलमधून हलवलं. मागच्या अंगाला जुना दफ्तरखाना होता. तिथं तिचं टेबल गेलं. हॉलमध्ये कामाखेरीज एक अक्षर बोलायचं नाही, असा तोंडी हुकूम निघाला. तीनचा चहा ज्यानं त्यानं आपापल्या टेबलावर, खाली मान घालून घ्यायचा. दाराशी उभं राहून पंचाक्षरी म्हणाले, "बाईसाहेब, स्वतंत्र खोली! आमच्या तालुकदारांच्या नायबालासुद्धा नव्हती." त्यांच्या आवाजात कौतुकही होतं आणि भीतीही.

दफ्तरखान्यात छतापर्यंत लाल फडक्यांत बांधलेली उर्दू दफ्तरं होती. ती वाचणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. चंद्रप्रभा त्यांच्यात बसून राही. आपल्यासाठी तिघा जणांचं हसणं बंद झालं, आणि आपल्याला तर त्यांच्या हसण्यात बसायचं होतं. हे सांगायचं कुणाला? म्हाळसाबाईंना सांगितलं असतं, तर त्या म्हणाल्या असत्या, स्वतंत्र खोली मिळाली, पेढे आण.

शनिवारी साहेब जीप घेऊन परंड्याच्या दौऱ्यावर गेले. जाताना टाइप करायचे कागदही बरोबर घेऊन गेले, म्हणून मशीन बंद होतं. दुपारी खिडकीच्या मिटलेल्या झडपेपलीकडे पावलं वाजली. दफ्तरखान्यामागं चिंचेचं झाड होतं. कुणीतरी कपबश्या ठेवल्या.

"हितं बसा," महालिंगप्पाचा आवाज. "बाईसाहेब गेल्या असतील. मशीन वाजंना."

"सांग रे बंडप्पा," पंचाक्षरी म्हणाले. "आज साहेब नाहीत, बाई नाहीत. शेवटसुद्धा मोठ्यानं सांग."

चंद्रप्रभा खुर्चीवरून उठली. झडपेला कान लावून ती उभी राहिली. आज शेवट मिळणार होता.

बंडप्पाची नुसती कपबशी वाजत राहिली.

"अरे, सांग की!"

"न्हाय जमत," बंडप्पा म्हणाला.

"का?"

"खरं सांगू? म्या गोष्ट तुमाला सांगतच न्हवतो. तुमी काय, कशालाबी हसताव. पडद्याआड मशीन टकटक वाजायचं. गोष्ट रंगली की टकटक थांबायची. मग म्या समजायचो, बाई ऐकत्यात. आपली गोष्ट जमली. आता हितं कुनासाठी सांगू?"

पंचाक्षरी यावर रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते खाकरले. मग म्हणाले, "थांबायची खरी. माझंही लक्ष असायचं."

चंद्रप्रभेनं झडप उघडली.

तिघं ताडकन उठले. महालिंगप्पाच्या हातातली बशी पडली. पंचाक्षरींनी हात जोडले. "बाईसाहेब! आपण इथं? मुआफी..."

"बसा," ती म्हणाली. कुणीही बसलं नाही. आता काही विचारलं तर म्हैस पुन्हा नाहीशी होईल, आणि कौतुक केलं तर साहेब भिंत बांधतील. तिनं दोन्ही हात चौकटीवर टेकवले आणि सरळ सुरुवात केली.

"माझ्या वडलांच्या शाळेत एकदा इन्स्पेक्टर आले. आदल्या दिवशी हेडमास्तरांनी त्यांच्यासाठी खास खुर्ची आणवली. वेताची, उंच. पण रात्री त्या खुर्चीखाली गुरवाची कोंबडी येऊन बसली, अंड्यांवर. सकाळी काही केल्या उठेना. आणि इन्स्पेक्टर तर दारात."

तिघे खाली पाहत उभे होते. पण महालिंगप्पाच्या मिशा हलल्या.

"हेडमास्तर म्हणाले, कोंबडीवर सतरंजी टाका. टाकली. इन्स्पेक्टर बसले. मुलांनी प्रार्थना सुरू केली. आणि प्रार्थनेच्या दुसऱ्या ओळीला खुर्चीखालून..."

इथं चंद्रप्रभेनं आवाज एकदम खाली आणला. इतका, की तिचे फक्त ओठ हलताना दिसले.

बंडप्पानं कानामागं हात धरला आणि एक पाऊल पुढं टाकलं. महालिंगप्पा फुटकी बशी ओलांडून खिडकीशी आला. पंचाक्षरी जागच्या जागी चुळबुळले. बाईमाणसाच्या खिडकीजवळ जायचं म्हणजे! मग तेही आले, आणि टाचा उंचावून त्यांनी चौकटीला हात लावला.

"पुढं?" ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या वाक्यात बाईसाहेब नव्हतं.

तेवढ्यात पुढच्या अंगाला जीपचा हॉर्न वाजला. साहेब लवकर परतले होते. फाटक उघडल्याचा आवाज आला, जीप आत आली, दार आपटलं, आणि साहेबांनी हॉलमधून महालिंगप्पाला हाक मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा.

खिडकीपासून अजून कुणी हललेलं नव्हतं.