रामटेके सरांची वाट चुकलेली मुळं

रामटेके सरांकडे चहा मिळायचा, पण आधी डोळे मिटून 'खाली' कुठे आहे ते दाखवावं लागे. पाहुणा बिचारा जमिनीकडे हात करी. सर विचारत, "पक्कं? कोण सांगतलं तुमाले?" पाहुणा विचारात पडे, आणि तोवर चहा निवलेला असे. एक विमा एजंट आला होता, तो पुन्हा त्या गल्लीत दिसला नाही.

मूल गावच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत, मी मराठी. घरंही शेजारी. निवृत्त झाल्यावर त्यांनी बैठकीतला सोफा बाहेर काढला आणि तिथे काचा उभ्या केल्या. दोन काचांमध्ये जेलीसारखा थर, आणि त्यात मोहाची रोपं. रोज सकाळी सर काचा आडव्या करत. मुळं मुकाट्यानं वळून पुन्हा खाली जात.

"भाऊ, मूळ आडवं पाडलं का त्याच्यातलं ऑक्झिन, म्हंजे वाढीचं संप्रेरक, खालच्या बाजूले जमते," सर समजावत. "मंग ती बाजू वाढाची थांबते, वरची वाढते, अन् मूळ वाकते खाली. आता ह्या औषधानं मी त्या ऑक्झिनची वाटच अडवली. पाहा मजा!"

मजा कसली? ती मुळं वर चढत होती. काही स्वतःभोवतीच फिरत होती, आंधळ्यासारखी. एका काचेतली तर कडेवरून बाहेर हवेत आली होती, पांढरीफटक. पंखा बंद होता, तरी ती हलल्यासारखी वाटली. मी पाय खुर्चीवर घेतले.

दूधवाली फाटकातूनच भांडं सरकवायची. "मास्तर जादू करून राह्यला," असं तिचं म्हणणं. मी सरांच्या पत्नीला, वहिनींना विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"भेव कायचं? बसाले जागा नाई उरली घरात, थेच भेव," वहिनी म्हणाल्या. पण त्या खोलीकडे त्या कधी बघत नसत.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी सर त्या औषधाची बाटली आणि खणायची सब्बल घेऊन माझ्या दारात आले.

"शेतावर चाला भाऊ. तिकडं वाघ फिरून राह्यला, तुमची वहिनी एकट्याले जाऊ देत नाई."

शेत जंगलाला लागून. धान कधीच निघालं होतं, धानाचे वाफे, म्हणजे बांध्या, भेगाळलेल्या. पाखराचा आवाज नाही, पान हलत नाही. अशा शांततेत आपल्यामागे कोणीतरी उभं आहे असं वाटत राहतं. धुऱ्यावर, शेताच्या कडेला, एक मोह होता, आणि त्याच्या पलीकडे दगडांची लहानशी रास. सर मोहाच्या बुंध्याजवळ खणू लागले.

"वाघ राहू द्या, सर, पण हे काय चाललंय?"

"इथी आमची चिंगी हाय," ते खणता खणता म्हणाले. "दगडाखाली. तीन वर्षाची होती, तापानं गेली. हा मोह मंग आपोआप उगवला. मूळ तिच्याकडंच जाऊन राह्यलं, भाऊ. लेकराच्या छातीवर ओझं नाई होणार?"

त्या खोलीतल्या काचा कशासाठी होत्या, ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं शेजारी राहून मला या मुलीचं नावही माहीत नव्हतं.

मातीतून एक मूळ वर आलं. फिकट, ओलसर, सरळ त्या दगडांखाली शिरलेलं. सरांनी बाटलीचं झाकण काढलं. दुसऱ्या हातानं ते मूळ चिमटीत धरलं आणि तसेच बसून राहिले.

मग त्यांनी बाटली दूर नेऊन बांधीत पालथी केली.

"सर?"

"ती अंधाराले लय भ्यायची, भाऊ. बोट धरल्याशिवाय झोपेच ना." त्यांनी सब्बल बाजूला ठेवली आणि ते हातानंच मुळावर माती ओढायला लागले, हळूहळू, झोपलेल्याला जाग येऊ नये अशा बेतानं. "जाऊ द्या त्याले तिच्यापाशी."