मराठी न येणाऱ्या मुलांची शाळा

ज्याला काही येत नाही त्याच्यासाठी सरकारकडे योजना असते. ज्याला येतं त्यानं आपलं आपण बघावं. याच तत्त्वावर येलदरी धरणाच्या कडेला 'वैयक्तिक द्विभाषिक शिक्षण केंद्र' निघालं. आंध्रातून मासेमारीला आलेल्या कुटुंबांच्या मुलांना आधी तेलुगूतून, मग मराठीतून, तेही एकेकट्याला शिकवायचं होतं. नेमणूक दिनकररावांची झाली. त्यांना तेलुगू येत नव्हतं (त्यामुळे ते निःपक्षपाती राहतील, असं समितीचं मत पडलं), आणि मराठीत ते स्वतःच दुसऱ्या खेपेला पास झाले होते. 'वैयक्तिक' म्हणजे एक पोर आत, बाकीची बाहेर, असा अर्थ त्यांनी लावला. बाहेरची पोरं गावातल्या पोरांबरोबर पाण्यात डुंबली आणि सगळ्यांना दोन्ही भाषा आल्या. हे यश रीतसर केंद्राच्या नावावर जमा झालं.

उन्हाळा लागला, पाणी हटलं, मच्छीमार बिऱ्हाडं उचलून गेले. नेमका तेव्हाच तपासणीचा हुकूम आला. मुलं नसली तर केंद्र बंद आणि दिनकररावांची बदली थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, राणीसावरगावला. घराजवळ यायला त्यांनी अर्धी नोकरी घालवली होती. त्यांनी गावातलीच पोरं बसवली आणि बजावलं की साहेबांपुढे मराठी शब्द काढायचा नाही. त्यांना लाज वाटली, पण बदलीपुढे ती टिकली नाही.

साहेबांनी मराठीत नाव विचारलं, पोरं मख्ख. साहेब प्रसन्न झाले. इतक्यात त्यांच्या पँटवर विंचू चढताना गावातल्या कासाबाईच्या लेकीला, सरजाला दिसला. ती तेलुगूत ओरडली, मग सगळीच ओरडली. मातृभाषेत मुलं किती खुलतात, असं म्हणून साहेबांनी मान डोलावली. काहीच न कळल्यामुळे दिनकररावांनीही डोलावली.

"आगं माय, मेलो!" साहेब बोंबलले. (साहेबही द्विभाषिक निघाले.)

"मराठीत सांगायचं की गं," दिनकरराव नंतर सरजाला म्हणाले.

"तुमीच नगं म्हनले ना, गुर्जी."

अहवालात आलं, 'मुलांना मराठी येत नसल्याने अधिकाऱ्याच्या जिवावर बेतले. सबब योजनेस मुदतवाढ द्यावी.' बदली टळली. सरजा मात्र घरीही मराठी बोलेना, तेव्हा कासाबाई दारात येऊन उभी राहिली.

"माही लेक मला परत द्या, गुर्जी."

दिनकररावांनी तिला मुदतवाढीचा कागद वाचून दाखवला. शुद्ध मराठीत.

कासाबाई पडली अडाणी. आपलं तसं नाही. आपण इंग्रजी शाळेची फी भरतो, पाहुण्यांपुढे पोराला उभं करतो आणि कौतुकानं सांगतो, याला मराठी नीट येत नाही बरं का. फक्त घरात विंचू निघाला तर ते कोणत्या भाषेत ओरडेल, तेवढं आजीला आधी सांगून ठेवावं.