चौदा पायऱ्यांचे पुनर्वसन

नदी बुधवारी घरात आली आणि शनिवारी परत गेली. जाताना तिने बाइंडरच्या घराचा जिना नेला. एरवी घराला फारसा धक्का लागला नाही. खाली पुस्तकबांधणीचे दुकान, वर दोन खोल्या आणि दोहोंना बाहेरून जोडणारा चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना, अशी त्या घराची रचना होती. आता जोडणारे तेवढे नव्हते.

वर बाइंडर होते. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे त्यांच्या आधीच निवृत्त झालेले. त्यांची मुलगी ग्रंथालयात नोकरीला होती. तिने रंगाऱ्याची शिडी मागून आणली आणि तिच्यावरून ये-जा सुरू केली. वडिलांनी खिडकीतून वाकून एकदा त्या शिडीकडे पाहिले.

"ही शिडी नाही," ते म्हणाले. "ही धमकी आहे."

"मग चौघांना बोलावते. खुर्चीत बसवून उतरवतील."

"मी कपाट आहे का?"

त्यांना खाली जायचे होते ते एकाच कारणासाठी. दुकानात गिऱ्हाइकांची सदतीस पुस्तके भिजली होती. मुलीने ती बादलीत घालून दोराने वर चढवली. वडिलांनी एकेक पान सोडवून खोलीभर दोऱ्यांवर वाळत घातले. पण वाळलेली पाने दाबाखाली गेली नाहीत तर कोबीसारखी फुगतात, आणि लोखंडी दाबयंत्र खाली होते. ते वर येणे शक्य नव्हते. दाब किती द्यायचा हे मुलीला सांगून भागले असते, पण ते सांगता येत नाही, हाताला कळते, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांनी विश्वासाने दिलेली पुस्तके आहेत, ती आपल्या हाताने परत करायची, मग बाकीचे काय व्हायचे ते होवो, एवढे त्यांनी मनाशी धरले होते.

शेजारचा सुतार म्हणाला, "दोन दिवसांत जिना उभा करतो काका. लाकूड तेवढं द्या."

लाकूड मात्र शहरात कोणाकडेच नव्हते. सुताराचे नदीने नेले होते, आणि वखारवाल्याने उरलेला सगळा साठा मोठ्या मनाने प्रतिष्ठानला दिला होता.

प्रतिष्ठान शहरातल्याच लोकांनी शहरातल्याच लोकांसाठी स्थापन केले होते. सरकारी मदत लांबून येते, तिला आपली माणसे ठाऊक नसतात; प्रतिष्ठान आपल्याला नावानिशी ओळखते, असे त्याच्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलेले होते. मुलीला हे वाचून धीर आला. प्रतिष्ठानची समन्वयक शाळेत असताना आपल्या वह्या बाइंडरकडूनच शिवून नेत असे.

"काका कसे आहेत?" समन्वयकाने आत्मीयतेने विचारले.

"वर आहेत."

"अगं बाई. म्हणजे गेल...?"

"नाही हो. वरच्या मजल्यावर. जिना वाहून गेलाय."

समन्वयकाने सुटकेचा श्वास सोडला आणि अर्ज पुढे केला. त्यात छप्पर, भिंत, गादी, शिवणयंत्र आणि मानसिक स्वास्थ्य अशा पाच नुकसानींची सोय होती. मुलीने 'इतर' या चौकटीत 'जिना' असे लिहिले. शेवटच्या पानावर अर्जदार खरोखर गरजू असल्याची शिफारस हवी होती.

"तुम्हीच करा की. तुम्ही त्यांना लहानपणापासून ओळखता."

"म्हणूनच मला करता येत नाही ना ताई. ओळख असली की हितसंबंध येतात. जो त्यांना ओळखत नाही अशाच कोणाची तरी शिफारस चालेल."

मुलगी दोन आठवडे बाइंडरांना न ओळखणारा माणूस शोधत हिंडली. पन्नास वर्षे एकाच जागी दुकान चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे काम वाटते तितके सोपे नाही. शेवटी प्रतिष्ठाननेच माणुसकी दाखवून परगावाहून एक मूल्यमापक आणवला. बाइंडरचे घर ठाऊक असलेल्या कोणालाही पत्ता विचारायचा नाही, असा त्याला नियम होता. त्यामुळे त्याला पोहोचायला आणखी चार दिवस लागले.

मूल्यमापक अंगणात उभा राहिला आणि वर पाहून म्हणाला, "आजोबा, जरा खाली येऊन सही करता का?"

"खाली येता आलं असतं तर सही कशाची करायची होती?"

"तेच तर लिहून द्यायचंय."

"द्या मग पाठवून."

मुलीने कागद बादलीत ठेवला. बादली वर गेली, सहीचा कागद घेऊन खाली आली. मूल्यमापक बादलीकडे पाहतच राहिला. त्याने ती पुन्हा वर पाठवायला सांगितली. मग त्यात आपले पेन ठेवून पाठवली, मग चष्मा ठेवून. चष्म्याशिवाय त्याला पुढचे काही दिसेना, तरी तो भारावल्याचे स्पष्ट दिसत होते.

त्याच्या अहवालात जिन्याचा उल्लेख नव्हता. 'आपद्ग्रस्तांनी बाह्य मदतीविना ऊर्ध्वगामी पुरवठ्याची स्वयंपूर्ण व्यवस्था विकसित केली असून हे अस्सल स्थानिक शहाणपण आहे,' असे त्यात म्हटले होते. अशा ठिकाणी जिना बसवणे म्हणजे बाहेरचा उपाय लादणे ठरेल, असा इशाराही होता. प्रतिष्ठानचे धोरण या बाबतीत पक्के होते. ते वस्तू देत नसे, क्षमता वाढवत असे. पुढच्याच आठवड्यात बाइंडरांना एक मोठी बादली देण्यात आली.

"याच्यात मी बसू का?" वडिलांनी वरून विचारले.

"काकांचा विनोद अजून शाबूत आहे," समन्वयक म्हणाली आणि मानसिक स्वास्थ्याच्या चौकटीत बरोबरची खूण केली.

मग लोक पाहायला येऊ लागले. आधी शेजारच्या वॉर्डातले, मग इतर पूरग्रस्त गावांतली शिष्टमंडळे. समन्वयक अंगणात उभी राहून समजावून सांगे, आणि बाइंडर खिडकीतून दोर ओढून दाखवत. पाहुण्यांसमोर शिडी वापरू नये, संदेश पुसट होतो, अशी मुलीला सूचना होती. त्यामुळे शिष्टमंडळ असेल त्या दिवशी ती ग्रंथालयातून सुटल्यावर कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर लोक जाईपर्यंत बसून राही. एकदा एका सद्गृहस्थाने तिला तिथेच ती बादली पाहिली का म्हणून विचारले. पाहिली, असे ती म्हणाली.

"एवढ्या लोकांना दोर ओढून दाखवताय, दमत नाही?" त्या संध्याकाळी तिने वडिलांना विचारले. त्यांचे तळहात सोलवटले होते.

"येणाऱ्यांत एखादा तरी म्हणेल, अरे, याला जिना का देत नाही. तेवढ्यासाठी ओढतोय."

तसे कोणी म्हटले नाही. उलट बिनजिन्याच्या घरांना प्रतिष्ठान प्राधान्य देते, अशी बातमी गल्लोगल्ली गेली. ज्यांचे जिने पुरात वाचले होते त्यांना ते अडचणीचे वाटू लागले. पहिला जिना एका निवृत्त मुख्याध्यापकांनी उतरवला. मग दोन भावांनी आपापला उतरवला आणि प्राधान्य कोणाला यावरून एकमेकांशी बोलणे सोडले. ही कामे कोणाला तरी करणे भाग होतेच.

"तीन आठवड्यांत नऊ जिने," सुतार अंगणातून वर पाहत म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "आयुष्यात इतकं काम कधी आलं नव्हतं काका. सगळं काढायचंच."

"त्यातला एक इथे लाव की."

"फळ्या प्रतिष्ठानच्या साहित्य बँकेत जातात. आणि मला लावताही येणार नाही. मीपण आपद्ग्रस्त ना. आपद्ग्रस्ताने आपद्ग्रस्ताला सेवा दिली तर लाभ दुहेरी होतो म्हणे. आधी प्रशिक्षण घ्यायला सांगितलंय."

"कसलं?"

"सुतारकामाचं. सोमवारपासून. रंध्याची ओळख आहे पहिल्या दिवशी."

बाइंडर हसले नाहीत. त्यांनी मुलीला जवळ बोलावून दोरीवरचे एक पान दाखवले. कडा वळायला लागल्या होत्या.

साहित्य बँकेतल्या फळ्यांचे काय होते हे मुलीला महिन्याभराने कळले. सावरलेल्या शहराचा कृतज्ञता सोहळा ठरला होता आणि मैदानात त्याच्यासाठी व्यासपीठ उभे राहत होते. व्यासपीठ उंच होते, सगळ्यांना दिसावे म्हणून. त्यावर चढायला अर्थातच जिना होता. तो रुंद होता, त्याला दोन्ही बाजूंना कठडा होता आणि त्यावर गालिचा घातलेला होता.

"आदर्श सावरलेला नागरिक म्हणून काकांचा सत्कार आहे," समन्वयकाने खालून ओरडून सांगितले. "अग्निशमन दलाची शिडीगाडी येईल घ्यायला. अगदी पाळण्यात बसवून."

"वाटेत दुकानात थांबता येईल?"

"दुकान तर वाटेतच आहे काका."

तेवढ्यावर वडील तयार झाले. मुलीने त्यांना इस्त्रीचा सदरा घातला. त्यांनी खिशात दाबयंत्राची किल्ली ठेवली. शिडीगाडीचा पाळणा खिडकीशी आला, त्यांना घेऊन वरच्या वर फिरला, आणि दुकानाच्या बंद दारावरून वीसेक फूट उंचीने रस्त्यापलीकडे थांबलेल्या गाडीत उतरला. दुकान वाटेत होते हे खरे होते. थांबायला कार्यक्रमपत्रिकेत जागा नव्हती. येताना बघू, असे ठरले.

मैदानात माणूस मावत नव्हता. अध्यक्षांनी शहर सावरल्याचे जाहीर केले. बाइंडर कठडा धरून एकेक पायरी चढले, तेव्हा लोक उभे राहिले. ध्वनिक्षेपक त्यांच्यासमोर आला.

"मला खाली यायचंय," बाइंडर म्हणाले.

अध्यक्षांनी समन्वयकाकडे पाहिले. समन्वयकाने ध्वनिक्षेपक हळूच आपल्याकडे घेतला.

"एवढा सन्मान मिळूनही काकांना जमिनीवर राहायचं आहे," ती सद्गदित होऊन म्हणाली.

टाळ्या किती वेळ चालल्या कोण जाणे. मुलगी तिसऱ्या रांगेत होती. तिच्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले आणि तिलाही रुमाल देऊ केला.

परतीला शिडीगाडीला दुसरीकडे जायची घाई होती. वडिलांना खिडकीतून आत घेताना मुलीने त्यांच्या खिशातली किल्ली काढून ठेवली, टोचू नये म्हणून.

त्यानंतर नवव्या दिवशी बाइंडर वारले. दुपारची वेळ होती. मांडीवर कुणाचे तरी पुस्तक होते, सुटे. सुतार, रंगारी आणि शेजारचे दोघे आले, त्यांनी दोर लावून त्यांना फार सावकाश खाली उतरवले. त्यासाठी अर्ज लागला नाही.

प्रतिष्ठानची तातडीची बैठक झाली. जिवंत माणसाची गरज सिद्ध करावी लागते, स्मृतीला पुरावा लागत नाही, त्यामुळे स्मृती या सदराखाली जिना एकमताने मंजूर झाला. सुताराकडे आता प्रमाणपत्र होते. त्याने दोन दिवसांत काम संपवले. पायऱ्या चौदाच ठेवल्या. तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी फीत कापली.

मुलीने दाबयंत्र फिरवून पाहिले. दाब कधी कमी पडला, कधी जास्त झाला. सदतीस पुस्तके तिने तशीच परत केली. लोकांनी ती जपून घेतली, बांधणीबद्दल कोणी काही बोलले नाही.

जिना पाहायला अजून माणसे येतात. वर जातात, खिडकीतून खाली बघतात, दोराची खूण दाखवा म्हणतात. उतरताना मुलीला सांगतात, "किती चांगलं काम आहे हो. तुम्ही नशीबवान." मुलगी हो म्हणते.

आपण आला नसाल तर जरूर या. सकाळी दहा ते पाच उघडे असते. कठडा दोन्ही बाजूंना आहे, आणि आता वर कोणी राहत नाही, त्यामुळे कोणाची अडचण होण्याचा प्रश्न नाही. सर्वांत वरच्या पायरीपाशी संगमरवरी पाटी आहे: 'हे आपल्यामुळे झाले.' कोणामुळे, ते नाव प्रतिष्ठानने मुद्दाम घातलेले नाही. येणारा प्रत्येक जण ती वाचून थोडा वेळ तिथे थांबतो, समाधानाने मान हलवतो आणि पाटीशेजारी उभा राहून फोटो काढून घेतो. छे, माझ्यामुळे नाही, असे आजवर एकानेही म्हटलेले नाही.