मुद्दाम केलेली चूक

उज्जैनच्या कॉलेजात श्रीकांत फणसे सरांच्या फर्स्ट इयर फिजिक्सच्या वर्गात पंख्याशिवाय कशाचाच आवाज येत नसे. "समजलं?" म्हटलं की सगळ्या माना एकदम हलत, आणि चाचणीत सगळे एकदम नापास होत. महिदपूरहून आलेली अंबिका तर रोज संध्याकाळी एसटीडी बूथवर बाबांना "मला घेऊन जा" म्हणून रडायची, असं हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंनी सांगितलं होतं.

सरांनी हे घरी सांगितलं, तेव्हा त्यांच्या पत्नी अहल्याबाई भाजी निवडत होत्या. "तुम्ही कधी चुकतच नाही, मग ती बिचारी पोरं बोलणार कशी? जरा चुकून बघा ना."

सर दुसऱ्याच दिवशी चुकले. आवाज प्रकाशापेक्षा वेगाने जातो, असं त्यांनी सांगितलं. वर्गाने ते उतरवून घेतलं. मग उत्तरेला वाहणारी क्षिप्रा नदी दक्षिणेकडे वाहते म्हणाले. तेही उतरवलं गेलं. एकाने तर खाली लाल रेघ मारली. शेवटी सरांनी फळ्यावर गणित केलं : उज्जैन ते इंदूर, बसने, पाच मिनिटं.

बराच वेळ पंखाच फिरत राहिला. मग मागून बारीक आवाज आला, "सर, पाच मिनटात तर बस देवास गेटच्या स्टँडातून बाहेर पण नाही निघत."

अंबिका होती. वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, "शाबास! आता रोज मी एक चूक मुद्दाम करणार. पकडायची."

वर्ग पार बदलला. पोरं पुस्तक वाचून येऊ लागली, भांडू लागली. अंबिकेचं बूथवर जाणं थांबलं. पण चुका पकडायची सवय फणसे सरांच्या तासापुरती राहीना. लायब्ररीच्या सूचनेतलं शुद्धलेखन कोणीतरी पेन्सिलने सुधारलं. पंधरा ऑगस्टला प्रिन्सिपॉलसाहेबांच्या भाषणात मध्येच तीन हात वर झाले.

आणि मग विभागप्रमुख प्रभाकर मुजुमदार लालबुंद होऊन स्टाफरूममध्ये आले.

"फणसे, ती तुमची अंबिका! माझ्या तासाला उभी राहून म्हणते, सर, ही चूक मुद्दाम केली ना?"

"मग? चूक होती?" श्रीकांत सरांच्या तोंडून निघून गेलं.

"तो मुद्दाच नाही! वरून म्हणते, एकदम सफाईने केली, सर, पता पण नाही लागला. म्हणजे माझी तारीफ करते!"

प्रकरण प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेलं. त्यांना स्वतःचं भाषण आठवत होतंच. हुकूम झाला : हा खेळ बंद, उद्याच वर्गात तसं सांगायचं, आणि मुजुमदार सर स्वतः मागे बसून बघतील.

बातमी हॉस्टेलवर पोचली आणि अंबिका पुन्हा बूथवर दिसली.

दुसऱ्या दिवशी मुजुमदार सर शेवटच्या बाकावर बसले. श्रीकांत सर म्हणाले, "आजपासून मी मुद्दाम चुकणार नाही. कोणी हात वर करायची गरज नाही." पहिल्या आठवड्यातली शांतता परत आली. अंबिका वहीत मान घालून बसली.

सरांनी वर फेकलेल्या दगडाचं गणित घेतलं. दुसरी ओळ लिहितात तोच मागून आवाज आला, "फणसे! तिथे वजा नाही, अधिक पाहिजे."

एवढा मोठा माणूस म्हणतोय म्हटल्यावर सरांनी डस्टर उचललं. वजा पुसून त्यांनी अधिक केलं. सगळ्यांनी वहीत अधिक केलं. मुजुमदार सर समाधानाने मागे रेलले.

"सर," अंबिका उठली. "दगड वर फेकलाय ना? मग त्याचा वेग कमी होणार. अधिक केलं तर तो वरच जात राहील, कधी परतच नाही येणार."

मुजुमदार सर उठले, संथपणे फळ्यापाशी गेले आणि चष्मा वर करून ती ओळ दोनदा वाचली. त्यांचे कान लाल झाले. श्रीकांत सरांनी डोळे मिटून घेतले.

मुजुमदार सरांनी खडू घेतला, अधिकाची उभी रेघ बोटाने पुसली आणि वर्गाकडे वळले.

"बस खाली," ते अंबिकेला म्हणाले. "मुद्दाम केली होती मी. बघत होतो, कोणी बोलतं का."

आणि दाराशी जाऊन, फणसे सरांकडे न बघता, हळूच म्हणाले, "चालू ठेवा."