केतकीच्या जबड्यातलं आईचं हाड

कोंढापुरात जबड्यात दुसऱ्याचं हाड भरलं की त्या माणसाचं बोलणंही सोबत येतं, एवढं सोडलं तर तिथल्या दातांच्या दवाखान्यात घाबरण्यासारखं काही नाही.

केतकीला मात्र दरदरून घाम फुटला होता. ब्रश केला की रक्त यायचं, पुढचे दोन दात जिभेने ढकलले तरी डुगडुगायचे. त्यांना तार लावायची ठरली, पण डॉक्टर होनरावांनी एक्स-रे उजेडासमोर धरून मान हलवली.

"हिरडी मागे सरकलीय, आतलं हाड झिजलंय. अशात तार ओढली तर दात हातात येतील. आधी हाड भरू, हिरडीला ठिगळ लावू, ते मुरलं की मग तार. हाड घरातलंच लागतं. कुणाचं घ्यायचं?"

हीच तर मेख होती! फाट्यावरच्या शकूला कंडक्टर चुलत्याचं हाड बसवलं. बिचारी देवळातसुद्धा "पुढे सरका, पुढे सरका" म्हणते. केतकीच्या बाबांना मधुमेह, त्यांचं हाड धरलं नसतं. मामा तयार होता, पण त्याच्या तोंडी सदा शिव्या आणि केतकी शाळेत मास्तरीण. उरली आई.

रीतीप्रमाणे डॉक्टरांनी आईला खुर्चीत बसवून तिचं बोलणं तपासलं.

"चहा घेणार?"

"चालेल."

"साखर संपलीय पण."

"चालेल."

"हाड काढताना दुखेल हं."

"चालेल."

"वा!" डॉक्टर खूश झाले. "अगदी निर्भेळ. असं बोलणं लगेच धरतं."

केतकीने बोटांवर दिवस मोजले. रविवारी लातूरचे पाहुणे येणार होते. लग्नानंतर शाळा सोडायची, ही त्यांची अट. बाबांनी बजावलं होतं, "पाहुण्यांसमोर तुझ्या तोंडाने नाही म्हण, मी पुढे जाणार नाही. नाही म्हणाली नाहीस, तर सुपारी फोडणार."

"डॉक्टर, रविवारनंतर केलं तर?"

"दात थांबतात का, ते त्यांना विचारा."

"आणि नुसती मान हलवून नकार दिला तर?"

"जबडा मानेवरच बसवलेला असतो, बाई," डॉक्टर म्हणाले आणि हातमोजे चढवू लागले.

आईच्या हनुवटीतून हाड काढून केतकीच्या जबड्यात भरलं, आईच्याच टाळूची पातळ चकती काढून केतकीच्या हिरडीला शिवली. आईची हनुवटी बांधून टाकली आणि रविवारपर्यंत तिला बोलायची बंदी घातली. परतताना रिक्षावाल्याने विचारलं, "वळसा घालून नेऊ का?"

"चालेल," केतकी म्हणाली, आणि तिने झटकन ओठ मिटले.

घरी तिने आरशासमोर उभं राहून पुन्हापुन्हा प्रयत्न केला. जीभ "ना" म्हणायला टाळूला टेकायची आणि बाहेर पडायचं "चालेल". तिला रडूच कोसळलं. आई नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

रविवारी मुलाच्या काकांनी शिऱ्याची बशी हातात घेतली. "मग, शाळा सोडायची तयारी आहे ना?"

केतकीने दात आवळले. टाके ताणले गेले, डोळ्यांत पाणी आलं. "चालेल."

"झालं तर मग!"

बाबांनी सवयीने आईकडे पाहिलं. "तुझं काय गं?"

आईने सकाळीच पट्टी सोडली होती. तिने तोंड उघडलं. नेहमीचा शब्द तिथे नव्हता, तो हाडासोबत गेला होता. ती इतकी घाबरली की तिने पदर मुठीत धरला.

"नाही," ती म्हणाली. "नाही चालणार. माझी मुलगी शाळा सोडणार नाही."

काका चपापले. "अहो, पण मुलगी स्वतः चालेल म्हणतेय."

बाबांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, बराच विचार केला. "मुलीच्या तोंडात हिचं हाड आहे," ते म्हणाले. "म्हणजे होकार हिचा झाला. आणि ही तो परत घेतेय."

काकांनीही विचार केला. त्यांना यात चूक सापडेना. त्यांनी बशी खाली ठेवली.

"मग आम्ही निघतो."

"चालेल," केतकी म्हणाली.