मानेतली शीर आणि मन्मथआप्पा

मन्मथआप्पांच्या दुकानात कुणी शिरलं की ते आधी त्याच्या गळ्याकडे बघतात. समोरचा 'शरणार्थ' असा नमस्कार घालायच्या आत हुकूम येतो, "वरलं बटन काढा. शीर दबायलीय."

सेलूत त्यांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. आम्ही शेजारी. नळी क्षाराने चोंदली की पुढचं झाड वाळतं आणि ॲसिड सोडलं की नळी मोकळी होते, हे त्यांना आयुष्यभर माहीत आहे. त्यात मोबाइलवर कुणीतरी सांगितलं की मानेतल्या शिरा अरुंद झाल्या की डोक्यातलं रक्त तुंबतं आणि जुनाट आजार होतात. झालं! तेव्हापासून आप्पांच्या मते माणूस म्हणजे हातपाय फुटलेलं ठिबक.

शुगर? "शीर." गुडघा? "शीरच की." कुणाचा जावई कामाला जात नाही? "मान बघा त्याची, लय आखूड हाय." स्वतःच्या गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा त्यांनी इतका सैल केला, की लिंग बेंबीखाली आलं म्हणून मठातल्या स्वामींची बोलणी खाल्ली.

"आप्पा, मानेत ॲसिड सोडून धुऊन घ्या की लाइन!" एक गिऱ्हाईक म्हणालं. आप्पा हसले नाहीत. विचारात पडले.

त्यांच्या बायकोचे, गंगाकाकूंचे, पाय काही वर्षांपासून बधिर होत चाललेत. मज्जातंतूंचा आजार, पूर्ण बरा होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आप्पांनी मात्र दूरच्या एका दवाखान्यात काकूंची शीर फुगवून रुंद करायचं ठरवलं. इथल्या डॉक्टरांनी "आधी हे वाचा" म्हणून इंग्रजी कागद दिले. निघायच्या आदल्या दिवशी आप्पांनी ते दुकानातच माझ्यापुढे धरले.

"तू इंग्लिश मिडियमची. वाच माय."

चारचौघांत बोलायचं मी टाळते. त्या दिवशी सुटका नव्हती. लिहिलं होतं की अरुंद शिरा आणि हा आजार यांचा संबंध पुढच्या तपासण्यांत टिकला नाही. निरोगी माणसांच्या शिराही तशाच अरुंद निघाल्या. शीर फुगवूनही आजार हटला नाही.

आता आप्पा कागदांवर तुटून पडणार, असं मला वाटलं. ते खुर्चीत पुढे सरकले.

"मंजी मान दबून न्हाई झालं हे?"

"नाही."

"हंड्यानं बी न्हाई?"

मला कळेना.

"बावीस वर्षं डोक्यावर दोन-दोन हंडे आनले तिनं. नळ घ्या म्हनायची. मी म्हनायचो, घेऊ की."

कागदात हंड्याचा उल्लेख कुठेच नव्हता. तरी मी एका ओळीवर बोट ठेवलं.

"हंड्यानं नाही आप्पा. इथे लिहिलंय."

इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नसताना आप्पा ती ओळ बराच वेळ बघत राहिले.